तळ्याची चादर

डागवाल्या काकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळूनसुद्धा बघायचे नाहीत. गल्लीत, चौकात, पलीकडच्या वस्तीत, सगळीकडे ते डागवाले काका. आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! लॉन्ड्री काय, पुढच्या चौकातही होती, चकचकीत काचेची. पण त्या काचेतून हात हलवत परत आलेलं गिऱ्हाईक शेवटी काकांच्याच टेबलापाशी यायचं. शाई असो, वंगण असो, मेण असो, नाहीतर कोणाच्या पोराने कुठून तरी फासून आणलेलं देव जाणे काय असो. काका कापड नाकाशी धरायचे, दोन बोटांत चोळायचे, दाराच्या उजेडात तिरकं करून बघायचे आणि म्हणायचे, "परवा या." झालं. परवा डाग नसायचा.

"डाग म्हणजे आगंतुक पाहुणा," काका सांगायचे. "त्याला आधी गोडीत विचारायचं, बाबा रे, तू कुठला? मग तो आपल्या पायाने जातो. मारझोड केली की डाग राहतो आणि कापड मरतं."

"माणसांशी पण असं गोडीत बोलत जा की जरा," काकू इस्त्री फिरवता फिरवता म्हणायच्या.

आता अशा माणसाच्या पोटी पोरगी कशी यावी? तर डाग गोळा करणारी!

लहानपणापासून तिचा पाय घरात ठरायचा नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. मोठी झाल्यावर तिने कॅमेरा घेतला. काकांना वाटलं, चला, बरं झालं, लोकांचे फोटो काढेल, चार माणसांत राहील. काही वर्षं काढलेही. मग एक दिवस ती बंद कारखान्यामागच्या तळ्यावर गेली आणि तिथलीच होऊन बसली. तळं म्हणजे तरी काय, पाणकणसांचं रान, गुडघाभर चिखल, दोन-चार बगळे आणि डासांची फौज. पोरगी सकाळी जायची ती दुपारी उगवायची, कमरेपर्यंत लडबडलेली.

"अगं, तळ्यात काही शिल्लक ठेवलंस की सगळं अंगावरच घेऊन आलीस?" काका विचारायचे.

पण नुसत्या फोटोवर तिचं समाधान होईना. एकदा जेवता जेवता म्हणाली, "बाबा, फोटो म्हणजे मी बघितलेलं तळं. तळ्याला स्वतःचं काही म्हणायचं असेल की नाही?"

"तळं काय म्हणणार? डराव डराव."

काकू हसल्या. पोरगी हसली नाही. तिचं डोकं तिकडेच होतं.

मग घराच्या गच्चीवर तिचे उद्योग सुरू झाले. जाड सुती चादर घ्यायची. अंधाऱ्या खोलीत तिला कसलंसं औषध फासायचं आणि वाळवायची. तळ्याचा फोटो मोठ्या पारदर्शक कागदावर उलटा, म्हणजे काळ्याचं पांढरं करून छापून आणायचा, तो त्या चादरीवर अंथरायचा आणि सगळं उन्हात ठेवून द्यायचं. उन्हाने आपलं काम केलं की चादर पाण्यात खंगाळायची. काकांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांचा आ वासला तो मिटेना. मळकट दिसणारी चादर पाण्यात पडली आणि बघता बघता गडद निळी झाली. त्या निळ्यात एकेक पाणकणीस, बगळ्याचा काटकुळा पाय, पाण्यावरची वलयंसुद्धा मोजून घ्यावीत अशी.

"नुसतं ऊन?" काका म्हणाले. "आम्ही जन्मभर उन्हात कपडे वाळवले आणि ह्या उन्हाने आम्हाला कधी हे सांगितलं नाही!"

काकांना ती चादर दुकानात दर्शनी लावायची होती. पण भिंगरीने ती घडी केली, पिशवीत घातली, तळ्यावर नेली आणि जिथे फोटो काढला होता तिथेच काठाच्या चिखलात पुरली. वर पाला, साली, दगड. 

"पोरी, धुतलेलं कापड चिखलात? हात कसा धजावला गं तुझा?"

"अर्धं मी काढते बाबा. अर्धं तळं काढतं."

ऋतू पालटला तेव्हा तिने चादर वर काढली. पानांनी जागोजागी तपकिरी शिक्के मारलेले. मुळांनी केसांसारख्या रेघा ओढलेल्या. खालच्या बाजूला काळ्या चिखलाचा किनारा, खरा किनारा असतो तसाच वाकडातिकडा. आणि ह्या सगळ्याखालून निळं तळं बघतंय तुमच्याकडे. काका वाकून एकेक डाग बघत गेले. त्यांच्या हिशोबाने तिथे चार-पाच प्रकारचे डाग होते आणि त्यांना त्यातला एकही काढावासा वाटला नाही. असं त्यांच्या हयातीत पहिल्यांदा झालं.

मग तिने आणखी केल्या. झाडाच्या खोडाचे फोटो छापले आणि सालीच्या भेगांवरून सुईदोऱ्याने टाके घातले. वाळलेल्या पाणकणसांची राख करून ती फोटोवर बोटाने ओढली. आणि शेवटी एक भली थोरली चादर केली, दोन पलंग झाकतील एवढी. तळ्याचा पूर्ण काठ तिच्यात होता. ही पुरली ती सगळ्यात जास्त दिवस. शहरातल्या मोठ्या आर्ट गॅलरीने तिचं काम बघितलं आणि सांगितलं, प्रदर्शन लावू, तुझं एकटीचं. आणि समोरच्या भिंतीवर ही मोठी.

काकांनी ही बातमी कोणाकोणाला सांगितली? त्यापेक्षा कोणाला सांगितली नाही ते विचारा.

तर ती मोठी चादर वर निघाली आणि ती वाळवायला भिंगरीच्या खोलीत जागा नव्हती. काकांच्या दुकानामागे वाळवणाची खोली, छताला लोखंडी दांड्या. तिथे तिने चादर लटकवली.

"बाबा, इस्त्री नाही, वाफ नाही. नुसती लटकू दे."

"मला शिकवू नको. तुझे लंगोट वाळवलेत मी इथे."

ती गॅलरीत गेली, तिथे खिळे मारणं, दिवे लावणं चालू होतं. इकडे काका येणाऱ्याजाणाऱ्याला आत नेऊन चादर दाखवायला लागले. पँट घ्यायला आलेल्या माणसाला पँट मिळायच्या आधी तळं बघावं लागायचं. आणि त्यातच एक बाई आल्या, शाळेतल्या मुख्याध्यापिका, जुनं गिऱ्हाईक. त्यांनी चादर बघितली, वा वा केलं, आणि मग मधोमध बोट दाखवलं. तिथे एक नारिंगी कडं उमटलं होतं, ताटाएवढं, गोल.

"काका, हा गंजाचा डाग ना?"

"हो, गंजच," काका म्हणाले.

बाईंनी वर बघितलं. नेमकी त्याच्या वरच दांडीची रंगाची खपली उडालेली, आतलं लोखंड लाल झालेलं. बाई हसल्या. "दिव्याखाली अंधार हो काका!"

चेष्टाच ती. पण काकांच्या वर्मी लागली. बाई गेल्या आणि काकांनी स्टूल घेतलं, वर चढले, दांडीवर बोट फिरवलं. बोट लाल.  दरवर्षी दांड्या घासून रंगवायचे, ह्या वर्षी प्रदर्शनाच्या कौतुकात राहून गेलं होतं. म्हणजे पोरीने ऊन लावलं, तळ्याने चिखल लावला, आणि बापाच्या दुकानाने? गंज ठिबकवला. ऐन मधोमध!

आता साधी गोष्ट होती. फोन उचलायचा आणि पोरीला विचारायचं, हे कडं तुझं की माझं? पण डाग काढायच्या आधी डागवाले काका कोणाला विचारणार? आणि विचारायचं म्हणजे कबूल करायचं की माझ्या दांडीने तुझी चादर नासवली. छे! तिला कळायच्या आत काढून टाकू, कानोकान खबर नको, असं त्यांनी ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गंजाचं औषध त्यांनी स्वतः कालवलं. चादरीखाली जुना टॉवेल धरला. कापसाचा बोळा करून कडेकडेने टिपायला लागले, हळू, पाहुण्याला उठवावं तसं. नारिंगी फिकट झालं. पिवळं झालं. गेलं! काकांच्या छातीत वीतभर हवा भरली. असा सफाईने गंज काढणारा आहे का कोणी शहरात?

आणि मग त्यांनी बोळा उलटा करून बघितला. बोळा निळा होता.

काकांनी चादरीकडे बघितलं. कड्यासोबत कड्याच्या आतलं पाणी चाललं होतं. पाणकणसांची दोन पाती चालली होती. त्यांनी धावत जाऊन बादली आणली, पाणी ओतलं, औषध धुऊन काढलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मधोमध पांढरी शुभ्र गोल जागा. नव्या कोऱ्या कापडासारखी. काकांनी आयुष्यात केलेली सगळ्यात स्वच्छ सफाई.

ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. काकू आत आल्या, त्यांनी चादर बघितली, नवऱ्याकडे बघितलं, आणि एरवी शब्दाला शब्द लावणारी बाई काही बोलली नाही. तेव्हा काकांना खरी भीती वाटली.

"फोन लाव तिला," ते म्हणाले. "मला आवाज नाही फुटणार."

भिंगरी आली. दारातच थांबली.

"दांडीचा गंज पडला होता," काका म्हणाले. "तो काढत होतो."

"दांडीचा नव्हता तो." ती अगदी हळू बोलली. "काठावर होड्या बांधायचं लोखंडी कडं आहे बाबा. चिखलात बुडालेलं. मी हाताने चाचपून शोधलं आणि चादर बरोबर त्याच्यावर पसरली. एवढे दिवस मी त्या कड्यासाठीच थांबले होते."

"आणि निळा कसा गेला? मी निळ्याला हात पण नाही लावला."

"निळा रंगपण लोखंडाचाच असतो. मी चादरीला फासते त्या औषधातच लोखंड आहे. तुम्ही लोखंड काढायला घेतलंत, दोन्ही गेलं."

काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. आणि मग ती ओरडलीच. "विचारलं का नाही मला? एक फोन! अख्ख्या जगाला विचारून करता, इस्त्री कडक की नरम, आणि माझ्या कामाला नाही विचारलं!"

"माझा डाग वाटला गं मला," काका म्हणाले. "माझा डाग तुझ्या कामावर नको होता."

ती इस्त्रीच्या टेबलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, पाय लोंबकळत. चादरीकडे बघत राहिली. काकू चहा ठेवून गेल्या, तो गार झाला. काका मध्येच म्हणाले, "माझ्या ओळखीचा रंगारी आहे. निळ्याला निळा जुळवून देईल. वर मी बारीक ब्रशने पाती ओढतो. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"नको."

"मग दुसरी एखादी लाव समोरच्या भिंतीवर."

"नको. हीच लावते. अशीच."

काका ताडकन उभे राहिले. "अशी? ह्या भोकासकट?"

"तळ्याने चिखल लावला, तो मी ठेवला. पानांनी डाग पाडले, ते ठेवले. बगळा घाण करून गेला तीही ठेवली. तुम्ही एक काढलात, तेवढंच का लपवू?"

"कारण तळ्याला गिऱ्हाईक नसतं!" काका कडाडले. "उद्या कोणी विचारलं, हे कोणी केलं, तर? हयातीत माझी चूक एकाही गिऱ्हाइकाने बघितली नाही आणि तू ती भिंतीवर टांगणार, वर दिवे लावून?"

"मी तुमचं नाव घेणार नाही," ती म्हणाली. "शब्द देते. कोणी विचारलं तर मी गप्प. कोणाला काही कळणार नाही बाबा."

"मीपण नाही घेणार," दारातून काकू म्हणाल्या. "घरात घेते तेवढं पुरे आहे."

काका हरले. पण शब्द मिळाला होता. त्या शब्दावर ते निघाले उद्घाटनाला, शर्टाला अशी इस्त्री की बाहीच्या घडीने कागद कापावा.

आर्ट गॅलरी म्हणजे पांढऱ्या भिंती आणि दबके आवाज. माणसं हात मागे बांधून चालत होती. काकांनीही बांधले. टाके घातलेली खोडं बघितली, राखेतली पाणकणसं बघितली. एक म्हातारा माणूस एका खोडासमोर उभा राहून नुसती मान हलवत होता, आणि काकांना त्याला मिठी मारावीशी वाटली. प्रत्येक चित्राशी कोणीतरी थांबलं होतं. कोणी घाईत नव्हतं. आपल्या दुकानात तर माणसं आल्या आल्या घड्याळ बघतात!

"अहो, छाती जरा आत घ्या," काकू कुजबुजल्या. "बटण तुटेल."

समोरच्या भिंतीवर मोठी चादर होती. दिव्यात तळं खोल दिसत होतं, शाईसारखं गडद निळं, आणि मध्ये तो पांढरा गोल. काका तिच्यापासून लांबच राहिले, खांबाच्या आडोशाला.

तेवढ्यात भिंगरीचे सर आले. ज्यांनी तिला फोटो काढायला शिकवलं ते, पिकल्या केसांचे, काठी टेकत. तिला ह्यांचा केवढा आदर ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सर एकेक चित्र बघत आले, दर वेळी तिच्या पाठीवर थाप. मोठ्या चादरीपाशी मात्र बराच वेळ थांबले. आजूबाजूची माणसंही थांबली, सर काय बोलतात ऐकायला.

"फार मोठं काम केलंस पोरी," सर म्हणाले. "मला हे सुचलं नसतं. पण इथे," त्यांनी काठीने पांढरा गोल दाखवला, "इथे तुझा हात घसरला. औषध नीट बसलं नाही ना? एवढ्या मोठ्या कामात घाई केलीस. तू घाई करणारी नव्हतीस."

भिंगरीने मान खाली घातली. काकांनी तिच्याकडे बघितलं. ती आता सांगेल, त्यांना वाटलं. एक वाक्य तर होतं. पण ती "हो सर," एवढंच म्हणाली.

हो सर! ज्या पोरीने एकेका चादरीसाठी गच्चीवर उन्हात तास तास काढले, जी चिखलात हात घालून कडं शोधत बसली, ती माझ्यासाठी खाली मान घालून म्हणते, हो सर, मी घाई केली.  बाजूच्या एका बाईने आपल्या मैत्रिणीला म्हटलंसुद्धा, "हो ना, तिथे बिघडलंच आहे जरा."

काकूंनी नवऱ्याची बाही पकडली. पण कडक इस्त्रीची बाही, सटकली.

"तिचा हात घसरत नाही," काका म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, दुकानातला. सगळे मान वळवून बघायला लागले. "सर, तुम्ही तिचे गुरू, तुमच्यापुढे मी कोण. पण तिचा हात घसरत नाही. तो गोल मी केला."

"बाबा," भिंगरी म्हणाली, "मी शब्द..."

"तू दिलास. मी नाही दिला." काका खांबाआडून पुढे आले. "मी तिचा बाप. लॉन्ड्री आहे माझी. डाग काढतो. त्या जागी गंजाचं कडं होतं, तिने तळ्याकडून मुद्दाम काढून घेतलेलं, आणि मला वाटलं माझ्या दांडीचा गंज. तिला न विचारता काढला. गंज काढता काढता निळा गेला. तो लोखंडाचाच असतो, मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. एवढी मोठी चादर आहे ही, आणि हिच्यात चूक शोधून शोधून एकच सापडेल. ती माझी आहे. बाकी इथून तिथून सगळं तिचं आहे. आणि तळ्याचं."

 काकांना घाम फुटला. आयुष्यात त्यांनी इतकं लांबलचक कोणाला सांगितलं नव्हतं, तेही स्वतःच्या चुकीबद्दल. पण गंमत म्हणजे त्यांची मान खाली जाईना. जात नव्हतीच ती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि चादरीच्या अगदी जवळ गेले. "म्हणजे ह्या गोलाची कड इतकी स्वच्छ आहे ती..."

"कापसाने टिपली. कडेकडेने. घासायचं नाही, कापड मरतं."

"मी चुकीच्या माणसाला बोललो," सर भिंगरीला म्हणाले. मग काकांकडे वळून, "आणि तुम्हाला काय बोलावं ते मला अजून ठरवता येत नाहीये. रागवावं की काय."

"ती रागावून झाली आहे," काका म्हणाले. "तुमचा नंबर दुसरा."

सर मोठ्याने हसले, आणि मग त्या पांढऱ्या भिंतींमध्ये पहिल्यांदाच माणसं माणसांसारखी बोलायला लागली. ते कडं कसलं होतं? होड्या कोणाच्या? चिखलात चादर किती खोल पुरतात? लोक भिंगरीभोवती गोळा झाले. ती सांगायला लागली, हातवारे करत, भरभर, आणि अधूनमधून कोणी गोलाबद्दल विचारलं की मान वळवून म्हणायची, "ते ह्यांना विचारा. माझे बाबा." नुसतं बाबा नाही. माझे बाबा. काकांनी ते जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा गळ्याचं बटण सारखं केलं, उगाच.

काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "झालं समाधान? अख्ख्या शहराला सांगितलंत."

"पुढच्या चौकातल्या काचेच्या लॉन्ड्रीवाल्याला सांगायचं राहिलं. त्याला उद्या सांगतो."

"लाज नाही वाटली?"

काकांनी जरा विचार केला. "वाटेल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "पण पोरीकडे बघता बघता राहूनच गेली."

तेवढ्यात एक सुटाबुटातला माणूस गर्दीतून वाट काढत आला, हातातला शीतपेयाचा पेला सांभाळत, आणि अदबीने वाकून बाही पुढे केली. बाहीवर ताजा लालसर डाग. "काका, आत्ताच सांडलं बघा. जाईल का हो हे?"

काकांचा हात सवयीने उठला. कापड दोन बोटांत धरलं, उजेडाकडे तिरकं केलं. मग सोडून दिलं.

"जाईल की. पण दुकान उद्या उघडेल," ते म्हणाले. "आज मी मुलीच्या कामाला आलोय." आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चादरीसमोर घेऊन गेले. "या, इकडून बघा. हे कोपऱ्यातलं पान बघितलंत का तुम्ही?"